फाइलमध्ये आलेलं घर

टिपणीस सरांनी माझ्या आवाजाबद्दल कधी एक चांगला शब्द काढला नाही. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली बाई मी, वर्तकनगरला आमच्या मंडळाच्या गणपतीत निवेदन वर्षानुवर्षं माझंच. सरांच्या केंद्रात अंध मुलांची पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा मला वाटलं, चला, हे काम आपलीच वाट बघत होतं. सरांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात मुठीएवढा रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाले, "घरी जा. दार लावा. सुरुवातीला अर्धं मिनिट काहीही बोलू नका. मग एक पान वाचा." दुसऱ्या दिवशी मी मोठ्या ऐटीत रेकॉर्डर परत दिला. सरांनी हेडफोन लावला, ते सुरुवातीचं अर्धं मिनिट पुन्हा पुन्हा ऐकलं आणि माझं वाचन सुरू झाल्याबरोबर बंद केलं.

"साठेबाई, तुमची शांतता चांगली नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमच्या फ्रिजच्या दाराचं रबर गेलंय, मोटर थांबतच नाही. आणि खाली पिठाची गिरणी आहे."

दोन्ही खरं होतं. रबर मी त्याच आठवड्यात बदलून घेतलं. गिरणी काही मला हलवता येण्यासारखी नव्हती, त्यामुळे माझं वाचन तिथंच संपलं आणि मी केंद्रात फायलींना नावं देणं, पानं तपासणं, मुलांचे फोन घेणं अशा बिनआवाजी कामाला लागले. राग आला होता, नाही म्हणत नाही. पण माणूस बघत राहावा असा होता, म्हणून टिकले.

आमचं केंद्र खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या बाजूला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. आवाजाचं काम करायला याहून वाईट जागा ठाण्यात सापडली नसती, पण फुकट मिळालेली होती. सर डोंबिवलीहून यायचे. कल्याणच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी बंगळुरूला. शर्टाच्या दोन्ही बाह्या मनगटापर्यंत बटण लावून, खिशात पेन नाही, बोटात अंगठी नाही, हातात घड्याळ नाही. घड्याळ वाजतं म्हणून. पायात कायम कॅनव्हासचे बूट. जिन्यावरून कधी आले ते कळायचं नाही आणि एकदम मागून, "पान उलटताना कागद माइकपासून लांब न्या," असं ऐकू आलं की नवीन वाचक दचकायचे.

आम्ही ज्याला गोंगाट म्हणतो त्याला सरांचा स्वतःचा शब्द होता. ते त्याला घर म्हणायचे. पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही, जिन्यातली मुलं, खिडकीतलं कबूतर, सगळं मिळून घर. "तुमच्या फाइलमध्ये घर फार आत आलंय," असं ते म्हणाले की वाचकाला कळायचं, धडा परत वाचावा लागणार. नवीन माणसाला गेन समजावून सांगताना ते रेकॉर्डरचं बारीक चाक फिरवून दाखवायचे. गेन म्हणजे माइकचा कान किती उघडायचा ते. "जास्त उघडलात की तुमचा आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुणाला शिवता येत नाही. कमी उघडलात तर नंतर मला तो वाढवावा लागतो. आणि वाढवला की तुमच्याबरोबर तुमचं घरही वाढतं. तेव्हा जोरात वाचून बघा, काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहू दे, त्याच्या वर नको." हे उणे बारा त्यांच्या तोंडात इतकं असायचं की वाचकांनी त्यांचं नावच उणे बारा पाडलं. त्यांना ते माहीत होतं. एकदा फोनवर स्वतःच म्हणाले, "हं, उणे बारा बोलतोय."

रेकॉर्डरने आपोआप आवाज कमीजास्त करायची जी सोय असते, तिच्यावर त्यांचा फार राग. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी अख्खं अर्थशास्त्र त्या सोयीवर वाचून आणलं. सरांनी त्यांना समोर बसवून ऐकवलं. गृहस्थ वाचत असेपर्यंत ठीक होतं. ते श्वास घ्यायला थांबले की यंत्राला वाटायचं आवाज कमी पडला, मग ते कान ताणायचं आणि पंखा धावत पुढं यायचा. "तुम्ही आणि पंखा आळीपाळीने वाचताय," सर म्हणाले. गृहस्थ चिडले, पण पुस्तक पुन्हा वाचून दिलं.

केंद्रात रेकॉर्डिंग करायची वेळ आली तर डेपोशी गाठ होती. एकदा सर स्वतः वाचत होते आणि खिडकीखाली एका गाडीचं इंजिन चालूच. मी वरून पाहत होते. सर खाली गेले, ड्रायव्हरच्या खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "दोन परिच्छेद राहिलेत हो माझे."

"कसले?"

"चलनवाढीचे."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे खालीवर पाहिलं आणि इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने खालून हाक आली, "काका, झाली का वाढ? मला सुटायचंय."

मुलांसाठी हा माणूस काय वाटेल ते करेल हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. परीक्षेच्या दिवसांत एकेका मुलाचे रोज फोन यायचे, पुढचा धडा आला का म्हणून, आणि सर जेवण सोडून कॉम्प्युटरसमोर बसायचे. त्यांचं म्हणणं एवढंच, की डोळस मुलाला पुस्तक स्वच्छ छापलेलं मिळतं, तसं याला स्वच्छ ऐकायला मिळालं पाहिजे. एका मुलाने एकदा सांगून पाहिलं, "सर, तुम्ही इतकं सगळं काढता की वाटतं बाई कपाटात बसून वाचतायत." सरांना ते कौतुक वाटलं.

सुजाता आली ती तिच्या मावसभावामुळे. त्याला दिसत नव्हतं, आमच्याच पुस्तकांवर तो बीए झाला होता. ती ठाण्यापुढे दिवा स्टेशनाजवळ राहायची. भराभर उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीत तिसरा मजला, नवरा वर्कशॉपमध्ये, मूल नाही, आणि आतल्या खोलीत सावंतवाडीकडची सासू कंपवाताने अंथरुणाला खिळलेली. तिचा आवाज ऐकून मी मनात म्हटलं, यात काय आहे, साधा तर आहे. सरांनी एक पान ऐकलं आणि तिला राज्यशास्त्राचं सगळ्यात जाड पुस्तक दिलं. मला म्हणाले, "ही बाई वाक्याच्या शेवटी दमत नाही."

दिव्यात शांतता मिळणं म्हणजे नळाला पाणी मिळण्याइतकंच अवघड. पाणी आलं की सगळी इमारत जागी होते, टँकर आला की भांडणं. त्या दोन्हींच्या मधला वेळ सुजाताने शोधून काढला. सरांनी तिला बाकीच्यांना शिकवायचे तसे सगळे नियम शिकवले. भिंतीला गोधडी टांग, मधलं दार लावून घे, कान पूर्ण झाकणारा हेडफोन लाव. हेडफोन तर त्यांनी स्वतःचा दिला. आणि टाळी. वाचताना चूक झाली किंवा मध्येच काही वाजलं, तर रेकॉर्डर बंद करायचा नाही, एक टाळी वाजवायची आणि तेच वाक्य पुन्हा वाचायचं. टाळीची कॉम्प्युटरच्या पडद्यावर उंच रेघ उठते. सर त्या रेघा शोधत जायचे आणि प्रत्येकीच्या मागचं बिघडलेलं वाक्य कापून टाकायचे.

सुजाताच्या फायलींत सुरुवातीला सासूची हाक असायची. "सुजाता, माका पानी दी गो." मग खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं, भांडं, पुन्हा पावलं, टाळी, आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पहिल्यापासून. सर ते सगळं कापायचे. "हिचं घर फार आत येतं," ते मला म्हणाले होते, "पण टाळी अचूक मारते." पुढं हाका कमी होत गेल्या, मग आल्याच नाहीत. कंपवातात आवाज बसत जातो. फायली आपसूकच स्वच्छ यायला लागल्या. मध्ये एकदा सरांनी तिला फोन केलेला मी ऐकला. "टाळी हलकी येतेय हल्ली. माइकजवळ मारा." पलीकडून ती बरं सर म्हणाली असणार. सरांशी वाद कुणी घालत नसे.

पुस्तक परीक्षेच्या आधी पूर्ण झालं. मुलांचे फोन आले, सरांनी सुजाताला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं की असं काम या केंद्रात झालेलं नाही. मला जरा लागलंच. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची सासू गेली. सुजाताने पुढचं पुस्तक घेतलं नाही, आम्हीही आग्रह केला नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ती खोपटला आली. खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. ह्यांच्याकडे आईंचे फोटो आहेत, पण आवाज कुठंच नाही. परवा हे म्हणाले, मला आईचा आवाज आठवेनासा झालाय. मग मला आठवलं, मी वाचायची तेव्हा त्या हाका मारायच्या. तुम्ही कापायच्या आधीचं काही ठेवलेलं असतं का?"

"बघतो," सर म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी दार लावलं, हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला आणि एक फाइल लावली. सुजाता राज्यपालांचे अधिकार वाचत होती. तिच्या शब्दांखाली, लांबून, भिंतीपलीकडून, एक बारीक टाळी आली. सुजाता वाचतच राहिली. थोड्या वेळाने पुन्हा आली. एका हातावर दुसरा कसाबसा आपटावा तेवढीच.

"ही तिची नाही," सर म्हणाले. "ती चुकलेलीच नाही इथं. वाक्य पुन्हा वाचलेलं नाही. साठेबाई, हाक मारायला आवाज राहिला नव्हता. त्यांनी ऐकलं असेल, या घरात आता टाळी वाजवतात. आणि सुजाताच्या कानावर माझा हेडफोन, कानात तिचाच आवाज भरलेला, मधलं दार बंद. तिला काय ऐकू येणार?"

मी हेडफोन काढून ठेवला. मग मीच म्हटलं, आणि आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो, "सर, सुरुवातीच्या हाका आहेत ना, तेवढ्या द्या. टाळ्यांचं तिला सांगून काय मिळणार आहे? बाई गेली. उगाच जन्मभराचा घोर."

सरांनी तसंच केलं. दोन दिवस बसून त्यांनी हाका वेगळ्या काढल्या. एरवी घर काढून पुस्तक ठेवणारा माणूस पुस्तक काढून घर ठेवत होता. भिंतीपलीकडचा तो आवाज वाढवायचा तर त्याच्याबरोबर खरखर वाढते, ती त्यांनी केसाकेसाने कमी केली. सुजाता आली, तिने ऐकलं आणि तोंडाला पदर लावून रडली. नवऱ्याला फोन लावून तिथूनच ऐकवलं. पलीकडून तो म्हणाला, "परत लाव गो." जाताना तिने सरांच्या टेबलावर फणसपोळीचा पुडा ठेवला.

"तुमच्यामुळे आई परत बोलल्या सर. नंतरच्या धड्यांत काही नाही का? शेवटी शेवटी आवाज बसलेला त्यांचा, पण चुकून एखादी हाक आलेली असेल."

"नाही," सर म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी फायलींकडे.

फणसपोळीला त्यांनी हात लावला नाही. ती खणात तशीच राहिली, तिला मुंग्या लागल्या. सर यायचे, हेडफोन लावून बसायचे, पण काम पुढं सरकायचं नाही. एका मुलीने तक्रार केली की नव्या पुस्तकात कुणीतरी सारखं खोकतंय. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "खोकतंय तर खोकू दे. कोण आहे ते विचारलं का तुम्ही वाचणाऱ्याला?" असं ते पूर्वी कधी बोलले नसते. मग एके सकाळी त्यांनी विचारलं, "दिव्याला याल का माझ्याबरोबर?"

त्या दिवसानंतर सर केंद्रात आले नाहीत. मुलगी येऊन त्यांना बंगळुरूला घेऊन गेली असं नंतर कळलं. त्यामुळे मी सरांना शेवटचं पाहिलं ते दिव्याला.

त्या दिवशी पाणी आलेलं नव्हतं. जिन्यातून बायका कॅन चढवत होत्या. सुजाताने दार उघडलं आणि गोंधळली. "अगं बाई, सर तुम्ही? फोन करायचात ना." प्लास्टिकच्या खुर्च्या पुढं केल्या, चहाचं विचारलं. सर नको म्हणाले. मधलं दार उघडं होतं, आतल्या खोलीत खाट भिंतीला उभी करून ठेवलेली दिसत होती.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं," सर म्हणाले. "नंतरच्या धड्यांत त्या आहेत. हाक नाही. टाळ्या आहेत. मी तुमच्या म्हणून कापल्या, पण त्या तुमच्या नव्हत्या."

तिला कळलं नाही. सरांनी पिशवीतून रेकॉर्डर काढला, तिने हेडफोन लावला. स्वतःचं वाचन ऐकताना आधी जरा संकोचून हसली, मग हसू गेलं. सरांनी पुढची फाइल लावली, जिच्या शेवटी रेकॉर्डर बंद करायचा राहून गेला होता. आवाज वाढवलेला होता, हेडफोनमधून निसटून मलाही ऐकू येत होतं. पुस्तक मिटल्याचा आवाज, दाराची कडी, आणि तिचाच आवाज: "अहो आई, सगळं ओलं झालंय. हाक मारायची ना मला." आणि मग एक टाळी, यावेळी जवळून.

सुजाताने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "मला वाटायचं, हल्ली बोलवत नाहीत, म्हणजे त्यांना बरं वाटतंय," ती म्हणाली. "मी वाचून उठले की त्या अशा हात जुळवून पडलेल्या असायच्या. मी म्हणायचे, नमस्कार काय करताय मला."

तिनेच डोळे पुसले आणि सरांची समजूत काढायला लागली. "जाऊ दे सर. तुम्हाला तरी काय माहीत. तुम्हालाही आत्ताच कळलं ना, मी मागायला आले तेव्हा."

इथं सरांना गप्प बसता आलं असतं. तिनेच वाट करून दिली होती, आणि मीही मनात म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा आणि उठा.

"आत्ता नाही," सर म्हणाले. "तेव्हाच कळलं. ही फाइल आली त्याच दिवशी. त्या जिवंत होत्या अजून."

हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

"किती दिवस येत होत्या टाळ्या?" तिने विचारलं.

"पुस्तक संपेपर्यंत."

"मग फोन का नाही केलात?"

"परीक्षा जवळ आली होती. मुलं थांबली होती. सांगितलं असतं तर तुम्ही वाचणं सोडलं असतं."

"नसतं सोडलं." ती जोरात बोलली नाही. "कानातलं काढून वाच, दार उघडं ठेव, एवढंच सांगायचं होतंत सर. उठून बघून आले असते, परत येऊन वाचलं असतं."

"हो," सर म्हणाले. "पण मग फाइल खराब झाली असती."

त्यांनी ते लपवायला काही शब्द शोधले नाहीत. कारण जे होतं तेच सांगितलं. खाली टँकर आल्याचा गलका झाला, जिन्यात कॅनची खडखड सुरू झाली. सुजाता पाण्याला उठली नाही. बराच वेळ हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जा आता. हे सगळं इथंच ठेवा. मी ऐकते."

"ऐकून होईपर्यंत थांबतो मी."

"नको. मी एकटी ऐकते."

आम्ही बाहेर आलो. तिने दार लावलं, आतून कडी घातली. मला तिथून कधी एकदा निघतो असं झालं होतं. बायकांना वाट देत मी जिन्याकडे वळले, तर मागे सर नव्हते. ते दारापुढेच उभे होते.

"चला ना सर."

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "मी थांबतो जरा. तिने हाक मारली तर कुणी असायला हवं."

ती कशाला मारेल हाक, असं माझ्या तोंडावर आलं होतं. खाली उतरले, टँकरभोवतीच्या गर्दीतून रस्त्यापर्यंत गेले आणि तिथून वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माणसं कॅन घेऊन सरांना धक्के देत जात होती, आणि ते अंग चोरून, दाराकडे कान करून उभे होते.